केरळचा मुख्यमंत्री साहाय्यता निधी : देणगीदाराच्या नजरेतून

३० जुलै २०२४ रोजी पहाटे वायनाडमधील मुंडक्कै आणि चूरलमला या वस्त्यांवर दरड कोसळली, त्याच दिवशी पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेल्याला दहा वर्षे पूर्ण होत होती. तो योगायोग मनातून जाईना, म्हणून मी पुण्याहून केरळच्या मुख्यमंत्री साहाय्यता निधीला, म्हणजे सीएमडीआरएफला, देणगी दिली. तेव्हापासून या निधीचे संकेतस्थळ मी अधूनमधून पाहत असतो.

पैसे भरणे सोपे आहे. नेट बँकिंग, कार्ड आणि यूपीआय हे मार्ग उपलब्ध असून पावती संकेतस्थळावरूनच उतरवून घेता येते. जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांना आयकरात संपूर्ण रकमेची वजावट मिळते. वायनाडच्या वेळी गैरवापराची शक्यता दिसताच सरकारने क्यूआर कोडची सोय काढून घेतली, हे मला विशेष आवडले, कारण सोयीपेक्षा देणाऱ्याचा विश्वास जपणे अधिक महत्त्वाचे आहे.

या सेवेचे खरे बळ जमाखर्च उघड मांडण्यात आहे. २०१८ च्या महापुरानंतर या निधीत ४९०० कोटी रुपयांहून अधिक रक्कम जमा झाली, आणि किती आले व कोणत्या कामावर किती गेले हे कोणालाही पाहता येईल असे ठेवले गेले. निधीवर आरोप झाले नाहीत असे नाही. बनावट वैद्यकीय प्रमाणपत्रे जोडून मदत लाटल्याची प्रकरणे २०२३ मध्ये राज्याच्याच दक्षता विभागाने तपासली. तरीही आकडे समोर असले की शंकेला उत्तर देता येते, आणि सरकारी निधीबद्दल आपल्याकडे जी सरसकट ‘पैसे कुठे जातात कोण जाणे’ अशी भावना असते, ती इथे बरीच कमी होते.

लोकांचा पाठिंबा कसा मागावा, हे मात्र केरळ सरकारलाही शिकावे लागले. २०१८ मध्ये मुख्यमंत्री पिनराई विजयन यांनी सर्वांना एक महिन्याचा पगार पुनर्उभारणीसाठी देण्याचे आवाहन केले. आवाहन मोठ्या मनाचे होते, परंतु ज्या सरकारी कर्मचाऱ्याला पैसे द्यायचे नाहीत त्याने तसे लेखी कळवावे, अशी अट शासकीय आदेशात घातली गेली. घरचे कर्ज किंवा आजारपण असलेल्या माणसाने वरिष्ठांपुढे नकाराचा कागद ठेवायचा, ही मदत नव्हे, सक्तीच झाली. उच्च न्यायालयाने या अटीला स्थगिती दिली आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. २०२४ मध्ये किमान पाच दिवसांचा पगार मागताना कर्मचाऱ्याचे संमतिपत्र आवश्यक ठरवण्यात आले. नकार कळवण्याऐवजी होकार मागणे, हा बदल मला या निधीच्या वाटचालीतील सर्वांत चांगली गोष्ट वाटते.

कमतरता वेगाची आहे. वायनाडमधील कल्पेट्टा येथील एल्स्टन मळ्याच्या जमिनीवर प्रत्येक दरडग्रस्त कुटुंबाला सात सेंट (एक सेंट म्हणजे एकराचा शंभरावा भाग) जागा आणि हजार चौरस फुटांचे घर देणाऱ्या वसाहतीची पायाभरणी २७ मार्च २०२५ रोजी झाली, म्हणजे दुर्घटनेला जवळजवळ आठ महिने उलटल्यावर. भूसंपादनाचा वाद न्यायालयात गेला होता हे मान्य. आणि घाई करून चालत नाही, हेही आपण नव्या माळीणमध्ये सुरुवातीच्याच पावसाळ्यात खचलेल्या रस्त्यांवरून पाहिले आहे. पण अशा काळात काम कुठे अडले आहे, हे देणगीदाराला पावतीवरच्या ईमेलवर सरकारने स्वतःहून कळवले, तर पुढच्या आपत्तीत त्याला पुन्हा हाक मारावी लागणार नाही.

देणगी देऊ इच्छिणाऱ्यांना मी ही सेवा निःशंकपणे सुचवेन. फक्त व्हॉट्सअॅपवर आलेला दुवा उघडू नये. केरळ सरकारच्या अधिकृत संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करावा आणि पावती आयकर विवरणपत्र भरेपर्यंत जपून ठेवावी.