डिचोलीतलं फॅब्रिकेशन वर्कशॉप: काम नंबर वन, पण खाणी पुन्हा जोरात सुरू व्हायच्या आत करून घ्या

पत्र्याची शेड, गेट, ग्रिल, रेलिंग यातलं काही करायचं असेल आणि तुम्ही गोव्यात डिचोली, साखळी, मये, कुडणे, पाळी या पट्ट्यात राहत असाल तर हा रिव्ह्यू तुमच्यासाठी. वर्कशॉपचं नाव लिहीत नाही कारण पुढे थोडी तक्रार आहे आणि माणूस चांगला आहे, त्याचं नुकसान नको. तसंही बोर्डावरची अक्षरं कधीच उडालीत, सगळे मेस्तचं (म्हणजे मिस्त्रीचं) शेड म्हणूनच ओळखतात. डिचोलीहून साखळीला जाताना मेन रोडपासून जरा आत, बाहेर चाकं काढलेला एक जुना टिपर (खनिज वाहायचा ट्रक) उभा आहे, त्याच्यात आता पेरूचं झाड उगवलंय.

माझं काम होतं घराच्या स्लॅबवर शेड टाकायचं. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्याच्यापुढे नुसता स्लॅब किती टिकणार, त्यात वॉटरप्रूफिंगवाल्यांनी दोनदा पैसे खाल्ले आणि बेडरूमच्या भिंतीला ओल ती ओलच. शेवटी सगळ्यांनी केलं तेच केलं. तीन ठिकाणी कोटेशन घेतलं, एक म्हापशाचा, एक डिचोली इंडस्ट्रियल इस्टेटमधला, आणि हा मेस्त. म्हापशाचा सगळ्यात स्वस्त होता पण पत्रा किती जाडीचा ते सांगेचना, 'चांगला क्वालिटी देतो' एवढंच. मेस्तने विचारायच्या आधीच सांगितलं की ०.४५ मिलिमीटरचा घेतला तर एवढे, ०.५० चा घेतला तर एवढे, आणि वर म्हणाला, "माल आला की तुम्हीच मापा, मायक्रोमीटर इथेच लटकवलेला आहे." तिथेच काम त्याला द्यायचं ठरलं.

दर चौरस फुटावर, माल आणि मजुरी धरून, म्हापशापेक्षा वीसेक रुपये जास्त. पण त्यात काय येतं ते बघा. खांबाला खाली बेस प्लेट आणि अँकर बोल्ट, आमच्या शेजाऱ्याकडे नुसता पाईप सिमेंटमध्ये गाडलाय तो बुडाकडून गंजून चाललाय. वेल्डिंग झाल्यावर प्रत्येक जोड ग्राइंडरने साफ करून मग रेड ऑक्साईड, मग वरून ऑइल पेंट. स्क्रू पन्हाळीच्या वरच्या उंचवट्यावर मारलेत, खाली मारले की पाणी साचून रबर वॉशर सडतो आणि तिथूनच गळती सुरू होते. हे साधं वाटतं पण निम्मे लोक चुकीच्या जागी मारतात, तुमच्या घरी आत्ता वर चढून बघा. वाऱ्याच्या बाजूला पर्लिन, म्हणजे पत्र्याखालचे आडवे पाईप, जवळजवळ घातलेत. पावसाळ्यात एका रात्री एवढं वारं सुटलं की शेजारचं केळीचं बन आडवं झालं, आमचा पत्रा हलला नाही.

आता रंगाची गोष्ट. मला पांढरा पत्रा हवा होता, ऊन परत फेकतो, खाली गरम होत नाही. मेस्त म्हणाला, "पात्रांव (मालक), पांढरा घेऊ नका, विटेचा रंग घ्या. खाणीचे ट्रक सुरू झाले की लाल धुळीने दोन महिन्यांत तसाही तोच रंग होणार." हसलो आम्ही दोघं, पण तो सीरियस होता. आमचं घर रस्त्याच्या अगदी कडेला नाही तरी २०१२ च्या आधी तुळशीची पानं पुसायला लागायची आमच्या आईला, हे मला आठवतं. घेतला विटेचा.

मेस्तचं वर्कशॉप समजून घ्यायचं तर खाणींचं थोडं सांगावं लागेल, ज्यांना माहीत आहे त्यांनी हा पॅरा सोडा. हा माणूस मूळचा गेट-ग्रिलवाला नाहीच. टिपरच्या बॉड्या बांधणारा. चीनला माल जात होता त्या काळात, म्हणजे २०१०-११ ला गोव्यातून पाच कोटी टनांच्या वर लोहखनिज बाहेर गेलं, तेव्हा इथल्या प्रत्येक घरात एक टिपर होता किंवा घ्यायचा विचार चालू होता. खाणीवरून आमोणा, सारमानसच्या जेटीपर्यंत ट्रक, तिथून मांडवी नदीतून बार्ज (माल वाहायची मोठी होडी), मुरगावला जहाज. दहा टन खनिज रोज ओतलं की बॉडीचा तळ घासून पातळ होतो, फाळके वाकतात, पाटे तुटतात, त्यामुळे मेस्तच्या शेडमध्ये रात्रीसुद्धा वेल्डिंगच्या ठिणग्या. मग सप्टेंबर २०१२ ला बेकायदा खाणकामावरच्या शहा आयोगाच्या रिपोर्टनंतर खाणी बंद. एप्रिल २०१४ ला सुप्रीम कोर्टाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी दिली, पुढच्या वर्षी कुठे गाड्या थोड्या हलल्या, आणि फेब्रुवारी २०१८ ला खाणींची ८८ लीज (भाडेपट्टे) रद्द, १६ मार्चपासून पुन्हा सगळं ठप्प. मधूनमधून आधी काढून ठेवलेला, ई-लिलावात विकलेला माल हलवायला ट्रक चालायचे पण त्याच्यावर कोणाचं घर चालणार.

मेस्तचं दुःख बंदीपेक्षा उधारीचं जास्त आहे. ट्रकवाले सगळे ओळखीचे, नात्यातले, बॉडी आत्ता बांध, सीझन संपला की देतो. सीझनच संपला तो कायमचा. सरकारने कर्जदारांना सवलतीची स्कीम काढली ती बँकांच्या कर्जाला, वेल्डरकडच्या उधारीला कोण स्कीम काढणार. बाहेरचा तो टिपर अशाच एका उधारीपोटी राहिलेला, मालक दुसऱ्या धंद्याला लागला, गाडी घेऊन जायला कधी आलाच नाही. मेस्तने ती भंगारात का काढली नाही ते विचारायचं मला धाडस झालं नाही.

त्यानंतर त्याने काय काय केलं ऐकाल तर थक्क व्हाल. गेट, ग्रिल, देवळाच्या मांडवाचे सांगाडे, सुपारी सुकवायची शेड, काजूचे बोंडू पिळायचा प्रेस. तो प्रेस तर मी बघितला, स्क्रू खाली घ्यायचा, रस बाजूने पन्हाळीतून सरळ कळशीत, सत्तरीतून फेणीचे भट्टीवाले मुद्दाम इथे यायचे म्हणे. शाळेचे बाक पण केलेत. थोडक्यात दहा-बारा वर्षं ह्या शेडला आमच्यासारख्या किरकोळ गिऱ्हाइकांनी पोसलं, आणि मेस्तनेही त्यांना मान दिला, शंभर रुपयाची कडी वेल्ड करायला कोणी आलं तरी परत पाठवत नसे.

आणि इथेच माझी तक्रार. डिसेंबर २०२२ पासून खाणींच्या ब्लॉकचे नव्याने लिलाव झाले, डिचोली, शिरगाव-मये, मोंत दे शिरगाव, काले, मग २०२३ ला अडवलपाल, कुडणे, थिवी-पिर्ण, सुर्ला-सोनशी. डिचोलीचा ब्लॉक २०२४ ला सुरू झाला, बाकीचे तेव्हा कुठे जनसुनावणीत, कुठे परवान्यांत अडकलेले. पण ट्रकवाल्यांना दम कुठे आहे, शेडात झाकून ठेवलेल्या गाड्या बाहेर निघाल्या आणि सगळ्या मेस्तच्या दारात. खाण खात्याकडे रजिस्ट्रेशन पाहिजे, जीपीएस पाहिजे, ताडपत्रीला हुक पाहिजेत, तळाला नवीन प्लेट पाहिजे. माझं काम फेब्रुवारीत ठरलं, ॲडव्हान्स दिला, ट्रस (पत्र्याखालचे लोखंडी सांगाडे) उभे राहिले आणि मेस्त गायब. फोन केला की "उद्या येतो". मे उजाडला, आकाशात ढग, वर नुसता सांगाडा उभा आणि खाली माझी बायको मला बघते आहे. शेवटी मीच शेडात जाऊन बसलो. आत चार टिपर, दोन पोरं वेल्डिंगला, माझे पत्रे कोपऱ्यात प्लास्टिकमध्ये.

मी म्हटलं, "मेस्त, ज्यांनी तुम्हाला बुडवलं त्यांचं काम आधी आणि ज्यांनी रोख दिले ते लायनीत शेवटी, हा कुठला न्याय?" चिडला नाही. म्हणाला, "आता उधारी नाही, आधी पैसे मग रॉड पेटतो. पण ही गाडी आज परत पाठवली तर उद्या दुसरीकडे जाईल, आणि मोठे कॉन्ट्रॅक्टर आपल्या गाड्या आणि आपला मिस्त्री बाहेरून घेऊन येतात, आम्हाला किती दिवस मिळणार हे काम?" मला पटलं पण आणि नाही पण. खाण कधी सुरू, कधी बंद हे कोर्टात, दिल्लीत आणि चीनच्या बाजारभावात ठरतं, मेस्तच्या हातात त्यातलं काहीच नाही. गेट आणि शेडवाला गिऱ्हाईक मात्र इथलाच, तो कुठे जात नाही, पण एकदा म्हापशाला गेला की परत येत नाही हेही तेवढंच खरं. हे मी त्याला तोंडावर सांगितलं, म्हणून इथे लिहायला हरकत नाही.

हा प्रकार एकट्या मेस्तचा नाही. वळणावरच्या हॉटेलात पातळभाजी-पाव खाताना बघितलं, मालकाने मागे आणखी टेबलं टाकलीत ड्रायव्हर लोकांसाठी. टायर रिमोल्डवाल्याने बंद शटर उघडून रंगवलं. सगळ्यांनी एका गिऱ्हाइकाच्या भरवशावर पुन्हा कर्ज काढायला सुरुवात केलीय, आणि धुळीचं काय विचारलं तर सगळे दुसरीकडे बघतात. सोनशीचे लोक धुळीपायी ट्रक अडवून २०१७ ला जेलमध्ये बसले होते, ते गाव इथून लांब नाही. मी खाणीच्या विरोधात आहे असं समजू नका, माझ्या काकांचे दोन ट्रक होते, त्याच पैशांवर चुलतभाऊ इंजिनिअर झाला. पण असो, रिव्ह्यू शेडचा आहे.

पत्रे पाऊस सुरू व्हायच्या जेमतेम आधी चढले. मेस्त स्वतः वर चढला, साठीच्या पुढचा माणूस, पोरांना शिव्या देत देत प्रत्येक स्क्रू तपासला, आणि उशीर झाला म्हणून बिलातून हजार रुपये मी न मागता कमी केले. गळती शून्य. बेडरूमची भिंत सुकली.

कोणाला काम द्यायचं असेल तर पावसाळा संपल्या संपल्या सांगा, दिवाळीच्या आत, कारण नंतर टिपरवाल्यांची गर्दी आणि मार्चपासून काजूचे प्रेसवाले. जाडी आणि दर कागदावर लिहून घ्या, तो देतो. ॲडव्हान्स निम्म्यापेक्षा जास्त देऊ नका, बाकीचे पैसे पत्रे चढल्यावर. बुधवारी जाऊ नका, बाजाराच्या गर्दीत गाडी लावायला जागा मिळत नाही. फोनवर विश्वास ठेवू नका, सकाळी आठच्या आधी शेडात गाठा, चहा पाजतो.

कामाला पाचपैकी पाच, वेळेला दोन. गटर कोटेशनमध्ये होतं, ते अजून बसलेलं नाही.