मेनअफ्रिव्हॅक: किमतीपासून सुरू झालेली लस

लसीचे मूल्यमापन एरवी तिच्या गुणकारीपणापासून सुरू होते. मेनअफ्रिव्हॅकबद्दल लिहिताना मात्र आधी किमतीविषयी बोलावे लागते, कारण तिच्या संशोधनाची दिशाच किमतीने ठरवली. सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात मेनिंगोकॉकस जिवाणूच्या ‘ए’ गटामुळे मेंदूच्या आवरणाला सूज येण्याच्या साथी वारंवार येत, आणि १९९६-९७ च्या साथीत सुमारे २५,००० माणसे दगावली. जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ ही ना-नफा आरोग्यसंस्था यांनी या ‘ए’ गटावरच्या लसीसाठी २००१ मध्ये हाती घेतलेल्या प्रकल्पात एका मात्रेची किंमत अर्ध्या डॉलरच्या आत ठेवायचे ठरले, आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ते करून दाखवले.

आधीची लस जिवाणूच्या नुसत्या शर्करा-आवरणाची होती. ती तान्ह्या मुलांना फारशी लागू पडत नसे आणि तिचा प्रभावही लवकर ओसरे. नव्या लसीत ही शर्करा धनुर्वाताच्या निर्विष केलेल्या प्रथिनाला जोडलेली असल्याने संरक्षण टिकते. शिवाय घशात जिवाणू बाळगून वावरणाऱ्या निरोगी माणसांची संख्या घटते, त्यामुळे लस न घेतलेल्यांनाही आडोसा मिळतो. माझ्या मते हाच तिचा सर्वांत मोठा गुण आहे.

तिच्या दहा मात्रांच्या कुपीत कोरडी पूड असते. कुपीवरच्या वर्तुळात एक फिकट चौकोन छापलेला असतो. उष्णता लागेल तसा तो गडद होत जातो, आणि वर्तुळाच्या रंगाशी मिळाला की कुपी टाकून द्यावी लागते. २०१२ मध्ये ही लस ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात चार दिवस बर्फाशिवाय ठेवण्यास मान्यता मिळाली आणि त्याच वर्षी बेनिनमध्ये ती तशी वापरलीही गेली. जिथे बर्फ गोठवायला वीज नाही, तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्याला या सवलतीचे मोल सांगावे लागत नाही.

६ डिसेंबर २०१० रोजी बुर्किना फासोत मोहीम सुरू झाली, पुढे ३० कोटींहून अधिक लोकांना लस मिळाली, आणि २०१७ नंतर त्या पट्ट्यात ‘ए’ गटाच्या एकाही रुग्णाची खात्रीशीर नोंद नाही.

उणीव एकच, पण मोठी: इतर गटांपुढे ही लस निरुपयोगी आहे, आणि २०१५ मध्ये नायजरला ‘सी’ गटाच्या साथीने गाठले. ‘ए’, ‘सी’, ‘डब्ल्यू’, ‘वाय’ आणि ‘एक्स’ अशा पाच गटांवरची मेनफाइव्ह ही लस त्याच सहकार्यातून तयार होऊन २०२४ मध्ये नायजेरियात पहिल्यांदा दिली गेली. ‘एक्स’ गटावर तोपर्यंत कोणतीच लस नव्हती.