छतावरचं पाणी: टाकीत भरायचं की बोअरला सोडायचं?

मैत्रिणीने पुण्याबाहेर रो हाऊस घेतलंय, मागे छोटी बाग, कोपऱ्यात बोअर, आणि प्लंबर म्हणतोय ताई पावसाचं पाणी वाया घालवू नका, दोन हजार लिटरची टाकी बसवून देतो. आमच्याकडे अशी टाकी पाच वर्षं आहे आणि दादाच्या सोसायटीत बोअर रिचार्ज केलंय, म्हणजे छतावरचं पाणी गाळून बोअरवाटे जमिनीत मुरवतात, त्यामुळे दोन्हीकडची रडगाणी मला पाठ आहेत.

आधी हिशोब. एक चौरस मीटर छतावर १ मिमी पाऊस पडला की १ लिटर पाणी. १००० चौरस फुटाचं छत म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर, उडालेलं-सांडलेलं सोडून मिलिमीटरमागे ७५ लिटर हाती लागतं असं धरा. पुण्यात वर्षाला ७०० मिमीच्या आसपास पाऊस होतो, म्हणजे पन्नास हजार लिटरच्या वर, दहा हजारवाले पाच टँकर! ऐकायला भारी वाटतं, पण दोन हजारची टाकी २७ मिमीतच भरते. जुलैत दोन दिवस नीट पडला की काम खल्लास, पुढचं सगळं ओव्हरफ्लोमधून गटारात.

आणि आमची खरी चूक इथेच झाली. टाकी घेतली ती उन्हाळ्यात बागेला पाणी मिळेल म्हणून. परतीच्या पावसात काठोकाठ भरली, रोज ४० लिटर झाडांना घालत गेलो आणि डिसेंबर उजाडता उजाडता तळ दिसला, मग एप्रिल-मेमध्ये परत नळाचंच पाणी आणि वर नवऱ्याची टोमणेबाजी. दुसऱ्या वर्षी टाकीची लाईन खालच्या संडासाच्या फ्लशला आणि बाहेरच्या नळाला जोडली आणि मग कुठे ती टाकी वसूल झाली. फ्लशला माणशी रोज ४५ लिटर धरतात, चौघांचे १८०, म्हणजे भरलेली टाकी अकरा दिवसांत रिकामी आणि पुढच्या सरीला परत भरायला तयार. टाकी किती मोठी यापेक्षा पावसाळ्यात ती कितीदा रिकामी होते ते बघायचं.

टाकीची कटकटही सांगते. जूनमधला पहिला पाऊस छत धुऊन काढतो, आमच्या पाईपातून चहाच्या रंगाचं पाणी आलं होतं, कबुतरांची घाण, वाळका पाला, एक पीस सुद्धा. ते पाणी टाकीत जाऊच द्यायचं नाही, खाली वेगळा पाईप काढून त्याला झाकण लावायचं, पहिल्या एक-दोन पावसांचं तिथून सोडून द्यायचं. टाकीचं झाकण घट्ट हवं आणि ओव्हरफ्लोला बारीक जाळी, नाहीतर आठ-दहा दिवसांत डास तयार. आम्ही जाळी विसरलो होतो, टॉर्च मारून आत बघितलं तर अळ्या वळवळत होत्या, शी! आणि टाकी जमिनीवरच ठेवा, दोन हजार लिटर म्हणजे दोन टन वजन, बाल्कनीत वगैरे अजिबात नको.

आता बोअर. इथे साठवणुकीची मर्यादा नाही, छतावरचं सगळं पाणी घालता येतं, जागा अडत नाही, डासांची भीतीही कमी. दादाकडे केसिंगभोवती, म्हणजे बोअरच्या बाहेरच्या पाईपाभोवती, खड्डा खणला, केसिंगला भोकं पाडून जाळी गुंडाळली आणि खड्ड्यात खाली मोठे दगड, वर खडी, वर वाळू. खर्च आमच्या टाकीच्या जवळपास दुप्पट आला पण बारा फ्लॅटमध्ये वाटला गेला. फक्त आपल्याकडचा काळा पाषाण लहरी, पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत, त्यामुळे तुम्ही सोडलेलं पाणी तुमच्याच बोअरला परत मिळेल याची गॅरंटी कुणी देत असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा. दादाचा बोअर आधी मार्चमध्ये आचके द्यायचा, आता एप्रिल काढतो. शेजारच्या सोसायटीचाही सुधारलाय म्हणे, फुकटात! पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, पावसाळ्यात उतरतो, उन्हाळ्यात परत जैसे थे.

एक गोष्ट मात्र करू नका, गाळण न लावता पाईप थेट बोअरमध्ये खुपसणे. घाण खाली गेली की ती बाहेर काढता येत नाही, शिवाय गाळाने भेगा बुजतात. वाळूचा वरचा थर दर मे महिन्यात काढून धुवायचा, आणि हे काम नेमकं कुणाचं यावरून दादाच्या सोसायटीत दरवर्षी मीटिंग होते.

बोअर नसेल किंवा भाड्याचं घर असेल तर प्रश्नच नाही, टाकी किंवा नुसता दोनशे लिटरचा ड्रम. बोअर असून उन्हाळ्यात दम तोडत असेल तर रिचार्ज. बोअर बारमाही असेल तर मी टाकी घेऊन फ्लशला जोडेन, तेवढी मोटर कमी चालते.

मैत्रिणीचा बोअर मेमध्ये वीस मिनिटांत हवा ओढायला लागला, तेव्हा तिला म्हटलं टाकीचे पैसे खड्ड्यात घाल, अक्षरशः. ती आता खड्डा करतेय, आणि कुंड्यांसाठी पन्हळीखाली एक निळा ड्रम ठेवलाय. जाळी म्हणून त्यावर सध्या तिच्या सासूबाईंची जुनी नायलॉनची साडी बांधलीय, चारपदरी.