आधी ईएसएल की थेट हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंट?

‘पेशंट डिनाइज चेस्ट पेन.’ हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी अडखळले होते. रुग्ण नक्की काय नाकारतोय? डॉक्टरांना एवढंच म्हणायचं होतं की, छातीत दुखत नाही असं रुग्णाने सांगितलं. अमेरिकेत नव्याने आलेल्या मैत्रिणी कम्युनिटी कॉलेजचा फॉर्म समोर ठेवून विचारतात, की आधी ईएसएलचे (इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांसाठीच्या इंग्रजीचे) वर्ग करू की सरळ एचआयएमला, म्हणजे रुग्णांच्या वैद्यकीय नोंदी सांभाळण्याच्या हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंटच्या अभ्यासक्रमाला, प्रवेश घेऊ, तेव्हा मला हे वाक्य आठवतं.

ईएसएलचं गणित सोपं आहे. प्लेसमेंट टेस्ट होते, तुमचा स्तर ठरतो आणि वाचन, लेखन, व्याकरण, संभाषण असे वर्ग सुरू होतात. प्रत्येक स्तराला साधारण एक सेमिस्टर. अडचण अशी की, यातले बहुतेक क्रेडिट पदवीत धरले जात नाहीत आणि शेवटी नोकरी मिळवून देईल असं प्रमाणपत्रही हाती येत नाही. म्हणून खालचे स्तर करायचे असतील तर कॉलेजची फी भरण्याआधी सरकारी अनुदानावरचे प्रौढ शिक्षणाचे वर्ग बघा. ते फुकट किंवा अगदी स्वस्त असतात.

एचआयएमची असोसिएट पदवी दोन वर्षांची, साठेक क्रेडिटची. इथे सगळ्यात आधी बघायचं ते एकच: त्या अभ्यासक्रमाला ‘काहीम’ (CAHIIM) या एचआयएमचे अभ्यासक्रम तपासणाऱ्या संस्थेची मान्यता आहे का. ती नसेल तर पदवीनंतर आरएचआयटी या व्यावसायिक प्रमाणपत्राच्या परीक्षेला सहसा बसता येत नाही, मग कॉलेज कितीही नावाजलेलं असो. (पुढे बॅचलर्स केलं तर त्यावरचं प्रमाणपत्र, आरएचआयए.) शरीररचना, रोगशास्त्र, औषधं, कोडिंग (आजार आणि उपचारांना ठरलेले सांकेतिक क्रमांक देणं), आकडेवारी, रुग्णांच्या माहितीच्या गोपनीयतेसाठीचा १९९६चा हिपा कायदा आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव, असा भरगच्च अभ्यास असतो.

वैद्यकीय शब्दांना मात्र घाबरू नका. ते लॅटिन-ग्रीक तुकडे इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही नवेच असतात. मराठी माध्यमातून जीवशास्त्र शिकलेल्यांना तर ते समासासारखे सुटतात: हिपॅटायटिस म्हणजे यकृतदाह, अपेंडिसायटिस म्हणजे आंत्रपुच्छदाह. ‘आयटिस’ दिसलं की दाह.

खरी कसोटी साध्या इंग्रजीची आहे. ‘रूल आउट न्यूमोनिया’ म्हणजे न्यूमोनिया आहे की नाही, ते अजून तपासायचंय. बाह्यरुग्ण विभागातल्या नोंदीत असा संशयित आजार कोड करायचा नसतो. ज्या लक्षणांसाठी रुग्ण आला, ती करायची. पण रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णाच्या शेवटच्या निदानात ‘प्रोबेबल न्यूमोनिया’ असेल, तर तो असल्यासारखाच कोड होतो. एका शब्दाने नियम फिरतो.

‘हिस्टरी ऑफ डायबेटिस’ घ्या. कोडिंगच्या भाषेत हिस्टरी म्हणजे होऊन गेलेलं, संपलेलं. डॉक्टर मात्र मधुमेह चालू असतानाही सर्रास असं लिहितात. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध चालू दिसलं म्हणून तुम्ही स्वतः निष्कर्ष काढायचा नाही, डॉक्टरांना क्वेरी, म्हणजे लेखी विचारणा, पाठवायची. ती लिहिताना ‘रुग्णाला मधुमेह आहे ना?’ असं उत्तर तोंडात घालणारं वाक्य चालत नाही. सद्यःस्थिती स्पष्ट करा, एवढंच नम्रपणे आणि नेमकं विचारायचं. हे इंग्रजी नुसतं बोलता येण्याने जमत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत: बोलताना अडखळता, या एका कारणासाठी दोन सेमिस्टर थांबू नका. कोडिंग हे प्रामुख्याने वाचण्याचं काम आहे. डिस्चार्ज समरीचा एखादा नमुना घ्या आणि कुणाला काय झालं, काय केलं, काय अजून ठरायचंय हे मराठीत सांगून बघा. सांगता आलं तर थेट एचआयएमकडे वळा. काळ आणि नकार यांतच गोंधळ होत असेल, तर आधी ईएसएलचे वाचन-लेखनाचे वरचे स्तर करा. तो वेळ वाया जात नाही, मी स्वतः तो दिलाय.

व्हिसाचंही बघून घ्या. एच-४ वर (एच-१बी वगैरे व्हिसावर काम करणाऱ्यांच्या जोडीदाराच्या व्हिसावर) शिकायला कामाचा परवाना लागत नाही, नोकरीला मात्र लागतो. आणि तो परवाना प्रत्येक एच-४ धारकाला मिळत नाही. फेडरल आर्थिक मदत ग्रीन कार्डवाल्यांना मिळू शकते, एच-४ वाल्यांना नाही. परवाना लांब असेल तर ईएसएलला सवड आहे, घाई कशाला?

दोन्ही एकदम करायचं असेल तर पहिल्या सेमिस्टरला मेडिकल टर्मिनॉलॉजी आणि ईएसएलचं लेखन, एवढे दोनच विषय घ्या. वॉशिंग्टन राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांत आय-बेस्ट नावाची पद्धत आहे: एकाच वर्गात व्यवसायाचे शिक्षक आणि भाषेचे शिक्षक मिळून शिकवतात. तुमच्या कॉलेजात असं काही आहे का, हे प्रवेशाच्या खिडकीवर नव्हे, एचआयएमच्या विभागप्रमुखांना ईमेल करून विचारा. ती ईमेल स्वतः लिहा, कुणाकडून लिहून घेऊ नका.