आभासी सिरियल पोर्ट: केएमडीएफ की यूएमडीएफ?

गोव्यातल्या वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत वजनकाटा नेटवर्कवर आला, पण जुनं सॉफ्टवेअर कॉम पोर्टच (संगणकाचा सिरियल पोर्ट) मागतं, तर विंडोजवर आभासी पोर्टचा ड्रायव्हर लागतो. तो मायक्रोसॉफ्टच्या दोन चौकटींपैकी एकीत लिहिता येतो: केएमडीएफ (कर्नल-मोड) किंवा यूएमडीएफ (यूजर-मोड). केएमडीएफ ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात चालतो. एक चुकीचा पॉइंटर (मेमरीचा पत्ता), की निळी स्क्रीन, आणि गेटवर ट्रकांची रांग. यूएमडीएफ वेगळ्या होस्ट प्रोसेसमध्ये चालतो. तो कोसळला तर पोर्ट जातो, मशीन चालू राहतं. प्रत्येक विनंतीला थोडा जास्त वेळ लागतो खरा, पण ९६०० बॉडला (सिरियल पोर्टचा संथ वेग) तो जाणवतही नाही. विंडोज ८.१ सोबत आलेल्या यूएमडीएफ २ मध्ये केएमडीएफसारखीच सी भाषेतली फंक्शन्स आहेत, मायक्रोसॉफ्टचा आभासी सिरियलचा नमुनाही त्यावरच आहे. मी यूएमडीएफच घेईन. टाइमआउट आणि वेट-मास्क (सॉफ्टवेअर पोर्टवरच्या कोणत्या घटनांची वाट पाहतंय त्याची नोंद) चोख सांभाळण्याचं कष्टाचं काम मात्र दोन्हीकडे सारखंच.