तालुक्याच्या बाजारातली खसखस: सुटी घ्यावी, पाकिटातली, की दळलेली?

सांबारवडीचं (सांबार म्हणजे कोथिंबीर) सारण, सावजी रस्सा, दिवाळीचे अनारसे, थंडीतले डिंकाचे लाडू. विदर्भातल्या स्वयंपाकघरात खसखस लागते ती एवढ्यापुरतीच, पण जिथे लागते तिथे तिच्याऐवजी दुसरं काही चालत नाही. काजू किंवा मगजबी वाटून रस्सा दाट होतो, ती चव मात्र येत नाही. आणि आता भाव असा आहे की पन्नास ग्रॅम घेतानाही माणूस दोनदा विचार करतो. म्हणून घेतली तर पारखूनच घ्यावी.

तालुक्याच्या गावी खसखस तीन प्रकारे मिळते: आठवडी बाजारात मसाल्याच्या पालावर सुटी, किराणा दुकानात पाकिटबंद आणि कुठेकुठे दळलेली. दळलेली घेऊच नका. खसखशीच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग तेल असतो आणि त्यातलं बहुतेक लिनोलेइक आम्ल, म्हणजे हवा लागताच खवट होणारं. दाणा अख्खा असेपर्यंत साल ते तेल सांभाळते. दळलं की काही दिवसांतच जुन्या जवसाच्या तेलासारखा वास येऊ लागतो. शिवाय पावडरीत रवा मिसळलेला असला तर डोळ्यांना काय कळणार?

सुटी खसखस वाईट नसते. ज्या पालावर लग्नसराईत आणि दिवाळीआधी पोतं भराभर संपतं, तिथली ताजी असते. पण तिच्यात हमखास मिसळला जातो तो राजगिरा. चिमूटभर दाणे तळहातावर घ्या आणि मोबाईलच्या कॅमेऱ्याने मोठे करून बघा. खसखशीचा दाणा मूत्रपिंडाच्या आकाराचा, एका बाजूने खाच असलेला, वर जाळीची नक्षी. राजगिरा गोल, चपटा, गुळगुळीत, कडेला रिंगण. घरी पक्की खात्री करायची तर दाणे चांगल्या तापलेल्या तव्यावर टाका: राजगिऱ्याची लाही फुटते, खसखस फक्त तांबूस होते. नंतर दोन दाणे दाताखाली चावा. जीभ शेवटी कडवट झाली तर माल जुना आहे, भाव कितीही कमी असो. करडी किंवा निळसर खसखस दिसली तर ती खराब नव्हे, ती वेगळी जात आहे. पण तिने रस्सा मातकट दिसतो, म्हणून आपल्याकडे पांढरीच बरी.

पाकिटाचं म्हणाल तर ५० ग्रॅमचं घ्यावं, पाव किलोचं नाही. पॅकिंगची तारीख बघा आणि माल कुठल्या देशाचा हेही बघा. भारतात हे पीक ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये चीक काढायला बोंडांना चिरा देतात आणि बोंडं वाळली की बी झाडतात. त्यामुळे नवा देशी माल उन्हाळ्यात निघतो. बाहेरून येणाऱ्या मालात तुर्कस्तानचा वाटा मोठा आहे.

भाव एवढा का, याचं उत्तर झाडातच आहे. खसखस म्हणजे अफूच्या झाडाचं, पापाव्हर सोम्निफेरमचं बी. ईस्ट इंडिया कंपनीने १७७३मध्ये बंगालच्या अफूची मक्तेदारी हातात घेतली, १८२०मध्ये गाझीपूरचा कारखाना उभा राहिला, पुढे नीमचचा. हे दोन्ही आजही सरकारी आहेत. लागवडीचे परवाने ग्वाल्हेरचं केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरो देतं, तेही मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या ठरवून दिलेल्या भागांतच. किती जमिनीत पेरायचं हे सरकार ठरवतं, आयातीलाही नोंदणी लागते. मागणी मात्र साऱ्या देशाची. म्हणून भाव खाली येत नाही.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी, कारण शेतकऱ्यांच्या गावात हा विचार सहज मनात येतो: ‘एवढी महाग आहे, तर धुऱ्याकडेला चार वाफे टाकू.’ टाकू नका. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यात बी विकणं, खाणं गुन्हा नाही, झाड लावणं गुन्हा आहे. महाराष्ट्रात त्याचा परवाना कुणालाच मिळत नाही आणि शिक्षा दहा वर्षांच्या सक्तमजुरीपर्यंत जाते. बोंडाची टरफलं, ज्याला डोडा म्हणतात, तीही त्याच कायद्यात येतात. सुट्या मालात टरफलांचे तुकडे दिसले तर तो माल जागेवरच परत करा.

मग खसखशीने नशा होते का? अफूचा चीक बोंडाच्या भिंतीतल्या नळ्यांत असतो, दाण्यात त्या नळ्या नसतात. मॉर्फिन, कोडीन, थेबाइन, पॅपाव्हरिन ही द्रव्यं त्या चिकातली. दाण्यावर येतो तो झाडणीच्या वेळी लागलेला अंश. युरोपीय संघाने २०२२पासून किलोभर बियांत मॉर्फिनची मर्यादा, कोडीनचा अंश धरून, २० मिलिग्रॅम ठेवली आहे. त्या मर्यादेवरचा माल धरला तरी २० ग्रॅम खसखशीत ०.४ मिलिग्रॅम होतं, आणि तो रस्सा सहा जण खातात. दुखण्यासाठी मोठ्या माणसाला तोंडाने द्यायचं मॉर्फिन सहसा ५ ते १० मिलिग्रॅमपासून सुरू होतं. धुतल्याने आणि भाजल्याने हा अंश आणखी कमी होतो. तरीही लघवीच्या तपासणीत तो दिसू शकतो, तेव्हा तशी तपासणी असलेल्याने आधीचे काही दिवस खसखस टाळावी.

बाळ शांत झोपावं म्हणून अफू किंवा डोड्याचं पाणी चाटवण्याची जुनी चाल मात्र जीवघेणी आहे. मॉर्फिन मेंदूतल्या श्वासाच्या केंद्राला मंदावतं आणि तान्ह्या बाळाचं यकृत ते लवकर निकामी करू शकत नाही. बाळ झोपलंय असं वाटत असताना त्याचा श्वास थांबू शकतो. हे कुणी करताना दिसलं तर हात धरून थांबवा.

आता वापर. आधी धुणं. पसरट भांड्यात भरपूर पाणी घेऊन खसखस ढवळा, क्षणभर थांबा आणि वरचं पाणी दाण्यांसकट पातळ कापडावर ओता. खडा-माती तळाशी राहते. असं तीनदा करा. अनारशासाठी धुतलेली खसखस सावलीत पूर्ण वाळवा, ओली राहिली तर तुपात तडतडते.

किलोभर मटणाच्या सावजी रश्श्याला दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण २० ग्रॅम पुरे. त्याहून जास्त घातली तर रस्सा पांढरट होतो, तिखट दबतं आणि तर्री वर येत नाही. मंद आचेवर दोन-तीन मिनिटं भाजा, रंग मलईसारखा झाला की उतरवा. तपकिरी झाली की कडू झालीच. मग अर्धा तास कोमट पाण्यात भिजवा. वाटताना पहिल्यांदा एकटी खसखस, थोड्याच पाण्यात, आणि ती गुळगुळीत झाल्यावर भाजलेलं सुकं खोबरं. उलट केलं की खोबऱ्याच्या तेलात दाणे निसटत राहतात आणि रश्श्यात कचकच लागते. मिक्सरचं भांडं मोठं असेल तर दोन चमचे पात्याखालीच फिरतात. चटणीचं लहान भांडं घ्या, नाहीतर पाटा-वरवंटा.

सांबारवडीच्या सारणात खसखस वाटायची नसते. पाव किलो निवडलेल्या सांबाराला दोन चमचे अख्खी, कोरडी भाजून, किसलेल्या खोबऱ्याबरोबर. ती सांबाराचं पाणी ओढते आणि वडी तळताना फुटत नाही.

अनारसा थापायचा खसखशीवर, पण तळताना ती बाजू वर ठेवायची आणि उलटायचा नाही. झाऱ्याने तूप वर उडवत राहायचं. खाली गेली तर दाणे सुटून तळाशी जळतात आणि पुढचा सगळा घाणा काळा पडतो.

साठवण हाच आपल्याकडचा खरा प्रश्न, कारण मे महिन्यात पारा ४५च्या घरात जातो. फडताळात ठेवलेली खसखस उन्हाळ्यात खवट होते. घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवा, भाजून ठेवू नका, लागेल तेवढीच भाजा. आणि आखाती देशात किंवा सिंगापूरला असलेल्या मुलाला मसाल्याचा डबा पाठवत असाल तर त्यात खसखस घालू नका. संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापूरमध्ये या बियांवर बंदी आहे. वाटणात मिसळलेली असली तरी तिथे अडचणीत येणार तो मुलगाच. त्या डब्यात तीळ आणि खोबरं चालतं.