एकेसाठी मॅगझिन घेताना स्टील नेमकं कुठे आहे ते बघा: बरेच महिने वापरल्यानंतरचा अनुभव

रायफल रोमानियन आहे, एके-४७ च्या धाटणीची वासर-१०, कुगीरच्या कारखान्यातली, सेंच्युरी आर्म्सने इकडे अमेरिकेत आणलेली. खरी लष्करी सरप्लस, म्हणजे फौजेने काढून टाकलेला माल, नाही, सेमी-ऑटो आहे, म्हणजे ट्रिगर एकदा दाबला की एकच गोळी, पण घडण तीच आणि रांगडेपणाही तोच. ह्युस्टनच्या आसपासच्या रेंजवर आणि अधूनमधून टेक्सासच्या हिल कंट्रीत एका मित्राच्या रँचवर तिचा नियमित वापर होतो, आणि या सगळ्या महिन्यांत मी रायफलपेक्षा मॅगझिनवर, म्हणजे गोळ्या भरायच्या डब्यावर, जास्त डोकं लावलंय, कारण एके सहसा दगा देत नाही हे बरंचसं खरं असलं तरी जेव्हा अडतं तेव्हा बहुतेक वेळा मॅगझिनपाशीच अडतं. मराठीत यावर कोणी नीट लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून जरा लांबण लावतोय.

माझा धंदा प्लास्टिक मोल्डिंगचा, आधी चाकणला आणि आता इकडे. त्यामुळे कुठलंही मॅगझिन हातात आलं की मी आधी रंग, रेषा, नाव वगैरे बघत नाही, लोड कुठे येतो ते बघतो. एकेचं मॅगझिन एआर-१५ या अमेरिकन रायफलसारखं सरळ वर ढकलून बसत नाही. पुढचा लग, म्हणजे मॅगझिनवरचा छोटा खुंट, आधी रिसीव्हरच्या, म्हणजे रायफलच्या मधल्या सांगाड्याच्या, पुढच्या कडेत अडकवायचा, मग मागची बाजू झुलवत वर आणायची की मागचा लग लॅचवर, म्हणजे खटक्यावर, खट् करून बसतो. म्हणजे भरलेलं अख्खं मॅगझिन दोन छोट्या टोकांवर लटकलेलं असतं, आणि या रायफलच्या ७.६२ बाय ३९ मापाच्या ३० गोळ्यांचंच वजन अर्ध्या किलोच्या आसपास जातं. त्यात प्रत्येक गोळीला रिकॉइलचा हिसका, वर बोल्ट पुढे येताना गोळी ढकलतो तो धक्का, आणि पोटावर झोपून मारताना आपण मॅगझिन जमिनीला टेकवतो तेव्हा तो सगळा जोर परत त्याच दोन लगांवर. तिसरी जागा म्हणजे फीड लिप्स, वरचे दोन ओठ, जे गोळ्यांना धरून ठेवतात आणि योग्य कोनात बोल्टसमोर आणून देतात. बाकी बॉडी म्हणजे नुसता डबा आहे हो, तो प्लास्टिकचा असो की पत्र्याचा, फार फरक पडत नाही. या तीन जागांवर काय आहे तेवढं विचारा.

हे रशियन लोकांना फार आधी कळलेलं होतं. सुरुवातीच्या एके-४७ ची सपाट बाजूंची मॅगझिन १ मिलिमीटर पत्र्याची होती, रिकामी असताना ४३० ग्रॅम. नंतर एकेएम या सुधारित आवृत्तीच्या काळात पत्रा आणखी पातळ केला, ताकद टिकवायला बाजूला रिब्स दिल्या आणि वजन ३३० ग्रॅमवर आलं. मग आली ती विटकरी रंगाची, ज्यांना सगळे बेकेलाइट म्हणतात पण जी खरं तर एजी-४एस नावाच्या ग्लास फायबर घातलेल्या फिनॉलिक प्लास्टिकची आहेत, २४० ग्रॅम. त्यातही लग आणि ओठांच्या जागी स्टील ठेवलंच होतं. प्लास्टिक आणलं ते वजन कमी करायला, पण जिथे झीज होते आणि मार बसतो तिथून लोखंड काढलं नाही. माझ्या मते आजही याहून शहाणा डिझाइनचा विचार या विषयात झालेला नाही.

आता माझ्याकडची मॅगझिन. मुद्दाम चार प्रकारची घेतली होती, म्हणजे तुलना करता येईल.

पहिलं पूर्ण प्लास्टिकचं, स्वस्तातलं, नाव सांगत नाही. सुरुवातीला झकास चाललं, खोटं कशाला बोलू. पण मी दर वेळी घरी आलो की लग भिंगातून बघतो, तर पुढच्या लगच्या कोपऱ्यात हळूहळू पांढुरकी रेष दिसायला लागली. मोल्डिंगमधल्या माणसाला ही पांढरी रेष म्हणजे काय ते लगेच कळतं, प्लास्टिक तिथे ताणून थकलंय. पुढे तो कोपरा गोल झाला, मॅगझिन पुढून किंचित खाली झुकायला लागलं, मग गोळी वर यायच्या ऐवजी नाक खाली घालून पुढच्या भिंतीला धडकायला लागली, आणि काही वेळा तर बोल्ट गोळीच्या वरूनच निघून गेला. रेंजवर बरेच जण अशा वेळी रायफलला शिव्या देतात किंवा दारूगोळा खराब म्हणतात, पण तुमच्याकडे असं व्हायला लागलं तर आधी रायफल खाली करा आणि मॅगझिनचा पुढचा लग बघा. ते मॅगझिन मी कचऱ्यात टाकलं, तेही ओठ तोडून, म्हणजे दुसऱ्या कोणी उचलून वापरू नये.

दुसरं मॅगपुलचं जेन एम३. हे अमेरिकन, आणि त्याच कंपनीच्या साध्या एमओई मॅगझिनशी याची गल्लत करू नका, दिसायला जवळपास सारखी आहेत. एमओई पूर्ण पॉलिमरचं, जेन एम३ मध्ये लगना स्टील दिलंय. ओठ मात्र यात पॉलिमरचेच आहेत. त्याची मला सुरुवातीला शंका होती, कारण प्लास्टिकवर सतत दाब ठेवला आणि वर उष्णता दिली की ते हळूहळू सरकतं, आमच्या भाषेत क्रीप, आणि ह्युस्टनचा उन्हाळा कसा असतो ते इथल्यांना सांगायला नको. म्हणून एक मॅगझिन पूर्ण भरून गराजमधल्या कुलूपबंद कपाटात उन्हाळाभर ठेवलं आणि आधी-नंतर व्हर्नियरने ओठांमधलं अंतर मोजलं. माझ्या व्हर्नियरला पकडता येईल असा फरक आला नाही. पॉलिमर चांगलं आहे, भिंती जाड ठेवल्यात, काम मन लावून केलंय. लगच्या स्टीलवर फक्त काळा रंग घासला गेलाय, कड अजून धारदार आहे. किंमतीच्या मानाने हे मला सगळ्यात पटलेलं मॅगझिन.

तिसरं बल्गेरियन, कझानलाकच्या आर्सेनलचं, ज्याला लोक सर्कल १० म्हणतात, कारण फॅक्टरीची खूण म्हणजे दोन वर्तुळांच्या आत १० हा आकडा. हे महाग आहे, मी घेतलं तेव्हा मॅगपुलच्या दीडपटीच्या वर पडलं. पण यात तिन्ही जागांवर स्टील आहे, पुढचा लग, मागचा लग आणि ओठ, आणि हे स्टील वरून चिकटवलेलं नाही, साच्यात आधी ठेवून त्याच्याभोवती प्लास्टिक ओतलेलं आहे. याला इन्सर्ट मोल्डिंग म्हणतात आणि हे वाटतं तितकं सोपं काम नाही, कारण थंड होताना प्लास्टिक स्टीलपेक्षा कितीतरी जास्त आकसतं, मग इन्सर्टभोवती ताण अडकून बसतो, आणि भिंत पातळ ठेवली किंवा इन्सर्टचा कोपरा टोकदार ठेवला की तिथून केसासारखी चीर जाते, कधी कधी वर्षभरानंतर. माझ्याकडच्या बल्गेरियन मॅगझिनमध्ये मी अशी चीर शोधून शोधून थकलो, एकही नाही. सिमेंटच्या फरशीवर भरलेलं मॅगझिन ओठांवर पडलं एकदा, उचलून बघितलं तर स्टीलला बारीकसा ओरखडा, गोळ्या जागच्या जागी. धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, हा साचा ज्यांनी बनवला त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

चौथं जुनं सरप्लस स्टीलचं, युगोस्लाव. हे कॉस्मोलिन नावाच्या गंजरोधक ग्रीसमध्ये बुडवलेलं येतं, तो चिकट तपकिरी थर काढायला तळाची प्लेट, स्प्रिंग, फॉलोअर (गोळ्यांना खालून वर ढकलणारा तुकडा) सगळं सुटं करून मिनरल स्पिरिटने धुवावं लागतं, आणि नुसतं बाहेरून पुसलंत तर आत फॉलोअर चिकटतो आणि गोळ्या वर यायला उशीर लागतो. युगोस्लाव मॅगझिनची गंमत म्हणजे फॉलोअर मागून चौकोनी असतो, शेवटची गोळी सुटली की बोल्ट मागेच अडतो, म्हणजे संपलं ते कळतं. सोय चांगली आहे, पण मॅगझिन काढलं की बोल्ट धाडकन पुढे येतो आणि काढतानाही जोर लावावा लागतो कारण बोल्ट फॉलोअरवर रेलून बसलेला असतो. मजबुतीबद्दल बोलायचं तर माझ्यानंतर माझी पोरं वापरतील असा ऐवज आहे. त्रास दोन, वजन आणि गंज. ह्युस्टनच्या दमट हवेत घामाचा हात लागला की दोन दिवसांत तांबूस ठिपके दिसायला लागतात. बाहेरून तेलाचा अगदी पातळ हात फिरवायचा, आत तेल नको, कारण आत तेल राहिलं की दारूची राख आणि धूळ त्यात चिकटून चिखल होतो. सरप्लस निवडून घेता येत असेल तर बाजूला खोल पोचा आहे का बघा, पोचा आतल्या बाजूला फुगलेला असेल तर फॉलोअर तिथे अडतो. लाकडी काडीने फॉलोअर खाली दाबून सोडायचा, वर येताना कुठे अडखळला तर ते मॅगझिन ठेवून द्यायचं आणि पुढचं उचलायचं.

आता वासरवाल्यांसाठी खास. या रायफल मुळात एका ओळीच्या छोट्या मॅगझिनसाठी बनून येत होत्या आणि इकडे आल्यावर मॅगझिनची जागा मोठी केली जायची, त्यामुळे मॅगझिन डावी-उजवीकडे हलतं ही जगजाहीर तक्रार आहे. माझंही हलतं. डावी-उजवीकडे हललं तर मी काळजी करत नाही, गोळी तरीही बोल्टसमोरच येते. बघायचं ते वर-खाली. रायफल रिकामी करून, चेंबरमध्ये बोट घालून खात्री करून, मॅगझिन बसवायचं आणि खालून वर दाबायचं, खाली ओढायचं. खाली ओढल्यावर ठळक खेळ जाणवला तर लग झिजलाय किंवा ते मॅगझिन तुमच्या लॅचला जुळत नाही. मग डमी राउंड, म्हणजे दारू नसलेल्या खोट्या गोळ्या, घालून हाताने बोल्ट चालवायचा, हळू नाही, पूर्ण मागे ओढून सोडून द्यायचा. माझ्या रायफलमध्ये बल्गेरियन सुरुवातीला घट्ट बसत होतं, तळहाताचा दणका द्यावा लागायचा, आता वापरून सैल झालंय. कोणी कानसीने लग घासायला सांगतात, माझं मत विचाराल तर स्टीलचा लग घासू नका, आपण ज्या गोष्टीचे पैसे दिले तीच कमी करून काय मिळणार.

प्लास्टिकबद्दल आपल्या लोकांच्या मनात एक भीती असते आणि ती हवेतून आलेली नाही. कारगिलमध्ये १९९९ साली थंडीत आपल्या फौजेच्या इन्सास रायफलची प्लास्टिकची मॅगझिन तडकल्याच्या तक्रारी आल्या होत्या हे आपल्यापैकी बऱ्याच जणांनी तेव्हाच्या आणि नंतरच्या बातम्यांमध्ये वाचलंय, आणि ज्या घरातलं कोणी फौजेत आहे त्यांना ते टोचतंच, मलाही टोचतं. पण त्यावरून सगळं पॉलिमर वाईट असं धरू नका. प्लास्टिक म्हणजे एक वस्तू नाही, कुठलं रेझिन, त्यात ग्लास किती, भिंत किती जाड, थंडीत त्याचा चिवटपणा किती उरतो, हे सगळं ठरवून घ्यावं लागतं, आणि ज्याने ते ठरवलं नाही त्याचा माल तडकतो. टेक्सासमध्ये तशी थंडी नाही त्यामुळे तिथली परीक्षा मी घेतलेली नाही, मिनेसोटा, मिशिगनकडच्या कोणी वापरलं असेल तर त्यांचा अनुभव जास्त मोलाचा.

कायद्याचं थोडक्यात पण गांभीर्याने. टेक्सासमध्ये मॅगझिनच्या क्षमतेवर राज्याची मर्यादा नाही. कॅलिफोर्नियात आणि न्यूयॉर्कमध्ये १० ची मर्यादा आहे, कोलोराडोने २०१३ मध्ये १५ ची आणली आणि त्यानंतरच मॅगपुल तिथून उठून टेक्सास आणि वायोमिंगला गेली. एडिसनच्या मंडळींना सांगायचं तर न्यू जर्सीत १० ची मर्यादा आहेच, शिवाय कलाश्निकोव टाइपच्या सेमी-ऑटो रायफल यादीत नावानिशी बंद आहेत. आणि जे एच-१बी वर आहेत त्यांनी नुसत्या हौसेपोटी काही विकत घेऊ नये, नॉन-इमिग्रंट व्हिसावाल्यांना बंदूक आणि गोळ्या बाळगायला फेडरल बंदी आहे, शिकारीच्या लायसन्ससारखे काही मोजके अपवाद सोडून. ग्रीन कार्ड असेल तर ही अडचण नाही. आणखी एक गोष्ट जी दुकानदार सहसा सांगत नाही, ९२२ आर नावाचा नियम. आयात केलेल्या रायफलमध्ये ठरावीक यादीतले १० पेक्षा जास्त परदेशी भाग चालत नाहीत, आणि मॅगझिनची बॉडी, फॉलोअर आणि तळाची प्लेट असे तीन भाग त्या मोजणीत येतात. म्हणजे तुमच्या रायफलचा हिशोब अमेरिकन मॅगझिन धरून जुळवलेला असेल तर युगोस्लाव मॅगझिन लावल्यावर तो हिशोब बदलतो. स्वतःच्या रायफलचे भाग मोजून घ्या, एका संध्याकाळचं काम आहे.

सध्या माझ्याकडे रेंजसाठी जेन एम३ जास्त, रँचवर दगडधोंड्यांत जायचं असेल तेव्हा बल्गेरियन, आणि युगोस्लाव तेल लावून कपाटात. पुढची खरेदी बल्गेरियनचीच करणार आहे. आणि रेंजची बॅग वेगळी ठेवा, भारतात जाताना तीच बॅग सामान भरायला काढू नका. एखाद्या कप्प्यात राहून गेलेली एक गोळी मुंबईच्या विमानतळावर सापडली तर आर्म्स अॅक्टखाली केस होऊ शकते, तिथे विसरलो म्हटल्याने लगेच सुटका होईल असं नाही, म्हणून माझी रेंजची बॅग भडक केशरी रंगाची घेतलीय आणि ती गराजच्या बाहेर येत नाही.